‘मुदत संपलेलं औषध दिलं’ या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार. तुमच्या कुत्र्याला, ब्रूनोला, फिट आली तेव्हा औषध लागू पडलं नाही हे वाचून वाईट वाटलं. काउंटरवर ताटकळावं लागलं, त्याबद्दल क्षमस्व. पण ‘मुदत संपलेला माल गळ्यात मारला’ हे मान्य नाही. डायझेपामचा, म्हणजे फिट थांबवण्याच्या त्या औषधाचा, बॅच नंबर आणि मुदत तुमच्या बिलावरच छापलेली आहे, कृपया एकदा बघा.

तुम्हीच टाकलेल्या फोटोत औषध प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये भरून खिडकीपाशी ठेवलेलं दिसतंय, आणि ‘ऐनवेळी घाई नको म्हणून महिनाभर आधीच भरून ठेवलं’ असं खाली लिहिलंय. घोळ तिथेच आहे. डायझेपाम प्लास्टिकला धरून बसतं, उजेडानेही उतरतं. रंग तसाच दिसतो, माप तेवढंच भरतं, जोर मात्र कमी झालेला असतो. म्हणूनच सिरिंज भरून द्यायला आम्ही नकार दिला. त्याला तुम्ही उद्धटपणा म्हटलंत.

अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची बंद कुपी, खोक्यातच, कपाटात ठेवायची. फ्रीज लागत नाही. गॅसजवळ नको, आणि मे महिन्यात बंद गाडीत तर नकोच नको. शेजारी सिरिंज, सुई, डॉक्टरांनी सांगितलेली मऊ नळी, कापूस आणि किती मिली द्यायचं ते मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद. फिट सुरू झाली की आधी घड्याळ बघा. मग अँप्यूल कापसात धरून फोडा, सुईने औषध ओढा, सुई काढून नळी लावा आणि गुदद्वारातून द्या. पाणी मिसळू नका, गढूळ होतं. फोडलेल्या अँप्यूलमधलं उरलेलं फेकून द्या. ५ मिनिटांत फिट थांबली नाही किंवा २४ तासांत दुसरी आली, तर थेट दवाखाना गाठा.

राहिला प्रश्न चिठ्ठीचा. हे औषध शेड्यूल एच-१ मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीतलं. डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती दिलं याची वेगळी नोंद करून ती ३ वर्षं ठेवावी लागते. मोबाइलवरच्या अर्धवट फोटोवर ते देता येत नाही, ग्राहक कितीही जुना असो.

यापुढे पाकिटावर ठेवणीची सूचना मराठीत चिकटवायचं बघतो, गर्दीचंही काहीतरी करू.

बिलाप्रमाणे तुमच्याकडे अजून २ अँप्यूल असतील. त्या उजेडासमोर धरून बघा. खडे किंवा गढूळपणा दिसला तर वापरू नका, बिलासह दुकानात घेऊन या.