"बोलेल हळूहळू" म्हणणाऱ्या ताईंना

ताई, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. तुम्ही म्हणता उशिरा बोलणाऱ्या मुलांवरच्या माझ्या लेखामुळे तरण्या आया उगाच घाबरतात, तुमचा मुलगा तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता नि आज इंजिनीअर आहे, आणि नातू अडीच वर्षांचा होऊनही आठ-दहाच शब्द बोलतो ते घरात कोकणी, मराठी, इंग्रजी सगळंच चालतं म्हणून, तेव्हा सुनेला एकच भाषा बोलायला सांगितलंय. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढं बरोबरीला येतात हे खरंच. पण कुठलं येईल नि कुठलं नाही हे नुसतं बघून डॉक्टरलाही सांगता येत नाही, मग आपण कसं ठरवणार?

माझ्या भाच्याचं सांगते. फोंड्याला बहिणीकडे सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंऽ पोंऽ ऐकला की हा बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, धावायचा, त्यामुळे कान ठणठणीत आहेत अशी सगळ्यांची खात्री. मागून हळू हाक मारली तर मात्र वळायचा नाही, आम्ही म्हणायचो खेळात रंगलाय. सर्दी तर कायमचीच. शेवटी तपासलं तर दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलेलं, म्हणजे पोदेराचा हॉर्न पोचायचा पण आईचं बोलणं कानावर उशी दाबल्यासारखं, त्यातले स, त असले बारीक आवाज तर निसटूनच जायचे. किती महिने वाया घालवले आम्ही, अजून जीव तुटतो.

आणि भाषांमुळे बोलणं अडत नाही हो. उदक, पाणी, वॉटर, सगळ्या भाषांतले शब्द एकत्रच मोजायचे असतात. सुनेची कोकणी बंद करू नका प्लीज, जी भाषा तिच्या तोंडात सहज येते तीच पोराला हवी.

वर्षाचा होऊनही टाटा करत नाही, बोट दाखवत नाही, दीड वर्षाच्या आसपास एकही शब्द नाही, दोन वर्षांनी 'पाव दी' असे दोन शब्द जोडत नाही, तर दाखवायचं. आणि येत असलेले शब्द गेले तर वय कुठलंही असो, एक दिवस थांबायचं नाही.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासायला येते त्यांना विचारा, नाहीतर सरळ बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, कान-नाक-घसा विभागात न्या. घरी हाक मारून वळला तरी कानांची टेस्ट कराच, घरच्या परीक्षेवर विसंबलो तिथंच आम्ही चुकलो. काय निघालं ते इथं कळवा, मी वाट बघते.