कॉस एक्स बरोबर दोन

रविवारी पोह्यांची प्लेट हातात घेऊन मी सहज विचारलं, "काय अडलंय गं?" आणि तिथेच फसलो. लेक बारावी सायन्सला. तिने त्रिकोणमितीची वही पुढे सरकवली. टू साईन स्क्वेअर एक्स प्लस थ्री कॉस एक्स इज इक्वल टू झिरो. आता मी गणितात हुशार होतो असं घरात वीस वर्षं सांगत आलोय, त्यामुळे माघार घ्यायची सोय नव्हती.

साईन आणि कॉस एकत्र नांदत नाहीत, एकाला घालवायचं, एवढं आठवलं. साईन स्क्वेअरच्या जागी वन मायनस कॉस स्क्वेअर टाकलं, चिन्हं बदलली आणि टू कॉस स्क्वेअर मायनस थ्री कॉस मायनस टू! "अगं हे तर दहावीचं वर्गसमीकरण, कॉसला वाय समज आणि मधलं पद फोड, गुणाकार उणे चार, बेरीज उणे तीन, म्हणजे उणे चार आणि एक." अवयव पडले की ओ पटापट. टू कॉस प्लस वन, कॉस मायनस टू.

म्हणजे कॉस एकतर उणे अर्धा नाहीतर दोन. मला दोन आवडला, अपूर्णांकाची कटकट नाही. मोबाईलवर कोन काढायला गेलो तर एरर. "हा मोबाईलच जुना झालाय."

"बाबा, कॉस एकच्या वर जातच नाही. लगतची बाजू कर्णापेक्षा मोठी कशी होईल?"

बरं. उणे अर्ध्याचे 120 अंश. "आणि 240?" बरं, तेही. "आणि जनरल सोल्यूशन?" मग तिनेच लिहिलं, टू एन पाय प्लस मायनस टू पाय बाय थ्री, पाय म्हणजे 180 अंश, एन कुठलाही पूर्णांक. म्हणजे उत्तरं अनंत आणि मार्क दोन!

पुढचं होतं साईन टू एक्स बरोबर साईन एक्स. टू साईन कॉस लिहिलं, दोन्हीकडचा साईन मी ऐटीत उडवला, कॉस बरोबर अर्धा, 60 अंश, झालं. लेक गप्प. मग हळूच म्हणाली, "साईन शून्य असेल तर? तू शून्याने भागलंस. 0, 180, 360 सगळी उत्तरं गेली. साईन उडवायचा नसतो, कॉमन काढायचा असतो." आणि त्याच दमात, "बाबा, तू दळण आणतोस का?"

गिरणीत नंबर लावून उभा राहिलो तरी डोक्यात तेच. गिरणीवाल्याने विचारलं, "काका, जाड की बारीक?"

मी म्हटलं, "आधी कॉमन काढा."