तेरावी कडी

आमच्या आईचं म्हणणं असं की कोंबड्या पाळायला अक्कल लागत नाही, डालगं लागतं. पाटण तालुक्यातल्या आमच्या घरी तिने पस्तीसेक वर्षं कोंबड्या पाळल्या आणि त्यांच्या सिक्युरिटीचा एकूण खर्च म्हणजे बुरडाकडून आणलेलं एक डालगं म्हणजे बांबूची टोपली, आणि वर ठेवायला एक फुटका पाटा. दिवेलागणीला कोंबड्या झाकल्या, पाटा ठेवला, की मुंगूस, रानमांजर, कोल्हा आणि शेजारची पोरं, सगळ्यांचा बंदोबस्त झाला. तिचा मुलगा म्हणजे मी, सिअ‍ॅटलच्या पूर्वेला एका सबर्बमध्ये राहतो, मला पगारच मुळी मोठमोठ्या सिस्टीममध्ये भलत्याने घुसू नये याची व्यवस्था करायला मिळतो, आणि मला सहा कोंबड्या सांभाळता येईनात.

सुरुवात अंड्यांच्या भावापासून झाली. मार्च २०२५ मध्ये बर्ड फ्लूच्या कृपेने इथे डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६.२३ डॉलरला पोचला, दुकानात 'एका गिऱ्हाइकाला एकच बॉक्स' अशा पाट्या लागल्या, आणि मी जेवताना सहज बोलून गेलो की आमच्याकडे गावी तर अंडी घरचीच असायची. एवढंच बोललो. पुढच्या शनिवारी गॅरेजमध्ये एका खोक्यात लाल दिव्याखाली सहा पिल्लं चिवचिवत होती आणि माझी लेक त्यांना नावं देत होती. पाच नावं आजीने व्हिडिओ कॉलवर दिली, ठमी, गंगी, चिंगी, भागाबाई आणि सगुणा. सहाव्या पिल्लाचं नाव लेकीने हट्टाने पिकल ठेवलं, त्यावर आई म्हणाली, "पिकल कसलं गं, अजून कोवळं आहे ते." कोंबडा पाळायला आमच्या इथल्या सबर्बमध्ये बंदी आहे, त्यामुळे कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही ही म्हण इथे निकालात निघालेली, मुळात कोंबडंच नाही, उजाडतं ते फोनच्या गजराने.

मेमध्ये पिल्लं तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या झाली आणि बाहेर खुराड्यात गेली. खुराडं मी ऑनलाइन मागवलं होतं. फोटोत ते छोट्या बंगल्यासारखं दिसत होतं आणि खाली लिहिलं होतं 'प्रिडेटर-प्रूफ'. लाकूड आमच्या लग्नातल्या आमंत्रणपत्रिकेएवढं जाड आणि सगळीकडे ती षटकोनी भोकांची जाळी. मी खूश. आईने व्हिडिओवर बघून विचारलं, "पाटा कुठाय?" मी हसलो. तेव्हा हसायला यायचं.

आता या खुराड्यावर डोळा असलेल्या रात्रीच्या पाहुण्यांबद्दल थोडं. रॅकून म्हणजे मांजर, अस्वल आणि पाकीटमार यांचं मिश्रण समजा, डोळ्यांवर काळी पट्टी, शेपटीला पट्टे, वजन पाच ते दहा-बारा किलो. व्हर्जिनियाकडच्या मूळ रहिवाशांच्या पोहॅटन भाषेतून हे नाव आलं, अर्थ साधारण 'हातांनी खरवडणारा'. पंजांनी नाही हं, हातांनी, आणि हे मी नंतर पटवून घेतलं कारण त्याचे पुढचे पाय बघितले तर पाच सुटी बोटं, लहान मुलाच्या हातासारखी. त्या बोटांत स्पर्शाची जाण इतकी की अंधारात चाचपून त्याला कळतं हातात काय आहे, आणि हात ओले झाले की जाण आणखी वाढते म्हणतात. आमच्याकडे पाऊस किती पडतो हे मी सांगायला नको, म्हणजे निसर्गानेच त्याला कायमचं फॉर्मात ठेवलेलं. भरीला मागचे पाय उलटे फिरतात, त्यामुळे झाडावरून डोकं खाली करून जिन्यावरून उतरावं तसा उतरतो.

जूनमधल्या एका रात्री भागाबाई गेली. जास्त सांगत नाही. एवढंच की जाळी कुठेही तुटली नव्हती, कडी लागलेली होती, खुराड्याचं दार जसंच्या तसं होतं. ती जाळीला टेकून झोपली होती आणि त्याने त्या षटकोनी भोकातून हात आत घातला. शेजारचे आजोबा, निवृत्त आहेत, त्यांच्या तीन पिढ्या कोंबड्या पाळतायत, ते कुंपणापलीकडून म्हणाले की ती चिकन वायर कोंबड्या आत ठेवायला असते, बाकीच्यांना बाहेर ठेवायला नाही. नावातच फसवणूक आहे बघा. लेक दोन दिवस जेवली नाही, आणि आम्ही घरात चिकन करणं बंद केलं ते अजून बंदच आहे, बायको म्हणते ओळखीचं कोणी ताटात नको.

त्या दिवसापासून मी पेटलो.

पहिल्यांदा सगळी जाळी उचकटून हार्डवेअर क्लॉथ लावली. नाव क्लॉथ असलं तरी ही वेल्ड केलेली लोखंडी जाळी असते, अर्ध्या इंचाची चौकोनी भोकं, माझं बोटसुद्धा जात नाही (ही माहिती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). ती खिळ्यांनी चालत नाही, वॉशर लावून स्क्रूने बसवायची, कारण हा गृहस्थ स्टेपल उपटतो. मग खालून उकरून येऊ नये म्हणून चहूबाजूंनी फूटभर जाळी जमिनीखाली पुरली, त्यात माझी कंबर गेली ती गणपतीपर्यंत आली नाही. या सगळ्याचा हिशोब बायकोने एक्सेलमध्ये ठेवलाय. ऑगस्टमध्ये ठमीने पहिलं अंडं दिलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होतो आणि बायको शांतपणे म्हणाली, "हे अंडं आपल्याला अकराशे चाळीस डॉलरला पडलं." मी ते हाफ फ्राय करायला घेतलं होतं, माझा हात थरथरला.

खरी लढाई कड्यांची. जुनी होती ती साधी खिट्टी, लाकडाची, फिरवली की उघडते. ती त्याने एका रात्रीत उघडली, नशीब कोंबड्या आतल्या दुसऱ्या दारापलीकडे होत्या, नुसतंच खाद्य खाऊन पाण्याच्या भांड्यात हात धुवून गेला. मग मी कडी-कोयंडा लावला, उचलून काढायचा. तो दोन रात्रींत. मग सरकवायचा बोल्ट, तो तर त्याने असा सरकवला की सकाळी मला वाटलं मीच उघडा ठेवला. बायकोलाही तसंच वाटलं, आणि तिचं तसं वाटणं चार दिवस चाललं, म्हणून मग कॅमेरा आणला, निव्वळ स्वतःची अब्रू वाचवायला. रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट दिसतं, साहेब येतात, मागच्या दोन पायांवर उभे राहतात, इकडेतिकडे बघत बघत (कडीकडे बघतसुद्धा नाहीत, हे जास्त लागलं) नुसत्या हातांनी चाचपतात आणि सरकवतात. दहाव्या मजल्यावरची आजी दुधवाल्याला दार उघडते तितक्या सहज.

तेव्हा मी या प्राण्याबद्दल वाचायला लागलो आणि वाचलं नसतं तर बरं झालं असतं. एच. बी. डेव्हिस नावाच्या संशोधकाने १९०७ साली रॅकूनवर प्रयोग छापलेत, वेगवेगळ्या तेरा कड्या आणि खिट्ट्या त्यांच्यापुढे ठेवल्या, आणि त्यांनी त्यातल्या अकरा उघडल्या, तेही दहाच्या आत प्रयत्नांत. आमच्या टीममध्ये नवीन आलेल्यांचा स्कोअर यापेक्षा कमी असतो. म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच जगाला हे माहीत होतं आणि तरी लोक खुराड्याला लाकडी खिट्टी लावून वर प्रिडेटर-प्रूफ लिहितात. टोरांटोला माझा मित्र आहे, त्याला फोन केला तर तो नुसता हसला, तिथे महापालिकेने २०१६ पासून घरोघरी खास रॅकूनला उघडू नयेत असे कुलूपवाले कचऱ्याचे डबे वाटले आणि काही रॅकूननी तेही उघडून दाखवले. मी मग मोठ्या माणसांचा आधार शोधायला गेलो तर तिथेही निराशाच, १९२६ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना कोणीतरी थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी जिवंत रॅकून पाठवलं, आणि त्यांनी ते खायचं सोडून पाळलं, रेबेका नाव ठेवलं, व्हाइट हाउसमध्ये पट्टा बांधून फिरवलं. जिथे राष्ट्राध्यक्ष विरघळले तिथे मी कोण.

उपाय सगळ्यांकडे होते. ऑफिसातला एकजण म्हणाला रात्रभर रेडिओ लाव, माणसं बोलतायत असं वाटलं की येत नाही. मी मराठी बातम्या आणि चर्चा लावल्या. पाहुणे तीन रात्री आले नाहीत, चौथ्या रात्री आले आणि स्पीकरशेजारी बसून पूर्ण चर्चा ऐकली, आपल्याकडचे पॅनलिस्ट एकमेकांवर ओरडत असताना तो शांतपणे पोट खाजवत होता. मग हालचाल झाली की पाणी उडवणारा स्प्रिंकलर आणला, त्याने दोनदा कुरियरवाल्याला आणि एकदा माझ्या सासऱ्यांना भिजवलं, ते सकाळी सूर्याला अर्घ्य द्यायला मागे गेले होते, त्यांना वाटलं सूर्यानेच परत केलं. पिंजरा लावून पकडून लांब जंगलात सोडावं तर आमच्या वॉशिंग्टन राज्यात परमिटशिवाय जंगली प्राणी असा दुसरीकडे नेऊन सोडणं बेकायदा आहे. माझं व्हिसा-ग्रीन कार्डचं एवढं लांबलेलं आणि याला हलवायलासुद्धा परमिट.

आई दर रविवारी विचारायची, "पाटा ठेवलास का?"

शेवटी शेजारच्या आजोबांनीच सांगितलं की जी कडी तीन वर्षांचं पोर उघडू शकतं ती रॅकून उघडतो, त्यामुळे दोन वेगळी कामं एकाच वेळी करावी लागतील अशी कडी बघ. मी सप्टेंबरमध्ये स्प्रिंगची कडी बसवली, दार ढकललं की आपोआप लागते, आणि उघडायला एका हाताने वरचं बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने दांडा वर उचलून ओढायचं. वर ट्रेकिंगवाल्यांचा स्क्रूवाला कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायचा हूक. कोंबड्यांसाठी खाली वेगळं छोटं दार, ते उजेडावर चालतं, अंधार पडला की बंद, उजाडलं की आपोआप वर. पंधरा दिवस काही झालं नाही. मी ऑफिसात चालताना थोडा वेगळा चालायला लागलो होतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री दोनला फोन थरथरला, कॅमेऱ्याचा अलर्ट, खुराड्याच्या आत हालचाल. बघतो तर स्क्रीनवर काहीतरी पांढरं, केसाळ, प्रचंड मोठं, आठ पायांचं. फोन चार्जरला तसाच टाकून टॉर्च आणि पोळपाट घेऊन (लाटणं सापडलं नाही) लुंगीवर धावत गेलो. कॅराबिनर काढून स्वेटरच्या खिशात टाकला, दार उघडलं, आत शिरलो. आत सगळं शांत. पाचही जणी दांडीवर ओळीत, फुगून, एकीने एक डोळा उघडून मिटला. आणि कॅमेऱ्याच्या काचेवर नखाएवढा एक कोळी जाळं विणत बसलेला. मी त्याला फुंकर मारली तेवढ्यात मागे आवाज आला, खटाक.

कडी उत्तम काम करते हे सांगायला आनंद होतो. आतून बटणापर्यंत पोचायचं तर जाळीतून बोट बाहेर जायला हवं, आणि भोक अर्ध्या इंचाचं. करंगळीचं टोक गेलं, ते काढायला पाच मिनिटं लागली. ओरडावं म्हटलं तर रात्री दोनला सबर्बात ओरडलं की बायकोआधी पोलीस येतात, आणि लुंगी, पोळपाट, कोंबड्यांचं खुराडं हे सगळं मी कोणत्या क्रमाने समजावणार होतो? कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात हलवले. नंतर कळलं की पानं हलली तरी अलर्ट येतात म्हणून बायकोने ते ऑगस्टमध्येच म्यूट केले होते. पाऊस सुरू झाला. मी खाद्याच्या डब्यावर बसलो. गंगी थोडी सरकली, जागा दिली असं मला तरी वाटलं.

तीनच्या सुमारास पाहुणे आले. कुंपणावरून उतरले, दाराशी आले, मला बघून थांबले. आमच्यात मध्ये एक जाळी, हाताच्या अंतरावर. मी म्हटलं बघतोस काय. त्याने बघितलं नाहीच, नेहमीप्रमाणे मान वळवून तिसरीकडे बघत कडीला हात घातला. आणि मी, ज्याने याच्यापायी चौदाशे डॉलर आणि एक कंबर घालवली, तो मी जीव मुठीत धरून हळूच म्हणायला लागलो, "वरचं दाब. वरचं, वरचं बटण, हां, आता दांडा, अरे दोन्ही एकदम रे बाबा." त्याने बटण दाबलं. सोडलं. दांडा उचलला. सोडला. परत बटण. मी हाताने करून दाखवलं. तो बराच वेळ, दहा-बारा मिनिटं तरी, मन लावून प्रयत्न करत होता, मधे एकदा हात ओले करून आला. मग त्याने माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं, आणि निघून गेला. तेरातल्या ज्या दोन त्याच्या पूर्वजांना उघडल्या नव्हत्या त्यातली एक मी नेमकी शोधून, डिस्काउंटमध्ये घेऊन बसवली होती.

सव्वासातला उजाडलं. छोटं दार घर्रर्र करत वर गेलं आणि पाचही जणी माझ्या पायावरून, एकीमागे एक, बाहेर चरायला निघून गेल्या. दार फूटभर उंच. मी डोकं घालून बघितलं, नाही जमलं.

साडेसातला बायको अंड्यांची टोपली घेऊन आली. मला आत बघितलं, पोळपाट बघितला. काही विचारलं नाही, पंधरा वर्षं झालीत लग्नाला. "किती आहेत?" म्हणाली. मी चाचपून सांगितलं, तीन. तिने दार उघडायला हात पुढे केला, मग थांबली, बाजूचं खोरं उचललं आणि दार जरासं उघडून माझ्या हातात दिलं.

"आतच आहेस तर घाण पण काढून घे."