अडीच गुंठे राष्ट्राला

माझे पणजोबा 1958 साली वारले आणि 2014 साली त्यांना नोटीस आली. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी त्यांची अडीच गुंठे जमीन लागणार होती. काही म्हणणं असल्यास अधिसूचना छापून आल्यापासून 21 दिवसांत हरकत घ्यावी, असं त्यांना कळवलं होतं. पणजोबांनी हरकत घेतली नाही.

कोकणात माणूस एकदा सातबाऱ्यावर चढला की सहसा उतरत नाही. वर जायची घाई असते, तलाठ्याकडे जायची नसते. त्यामुळे पणजोबा सातबाऱ्यावर धडधाकट होते, आणि त्यांच्याखाली चार मुलगे, त्यातले दोघे माझ्या जन्माआधी गेलेले. नोटीस पोस्टमनने घराच्या पडवीत आणून दिली तेव्हा घरात एकटी मोठी आते होती. तिने मला डोंबिवलीला फोन केला.

“झिला, आजोबांचा कागद इलासा.”

“कुठून?”

“वरसून.”

मी दचकलो. वरून म्हणजे दिल्लीहून, हे कळायला थोडा वेळ लागला.

आमचं गाव कणकवली सोडून कुडाळकडे निघालं की लागतं. घर हमरस्त्याच्या कडेला, मुंबईहून येताना उजव्या हाताला. या कडेला असण्याचा आम्हाला मोठा अभिमान. आतल्या वाड्यांतले लोक एसटीसाठी अर्धा तास चालत यायचे आणि आम्ही हातातला चहा संपवून मग उठायचो. जाणार होते ते अंगणासमोरचे वीस मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद. मी चालून पाहिलं, लांबीला अठ्ठावीस पावलं भरली. त्यात एक विहिरीचा काठ (विहीर सुटली), गडग्याचे दगड, दोन रातांबे, एक कलमी आंबा आणि आतेचा फणस.

पैसे मिळायला सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, असं कळलं. वंशावळ लिहायला बसलो. पणजोबांचे सोळा आणे. चार मुलगे, प्रत्येकी चार आणे. आजोबांना तीन मुलं, तेव्हा बाबांचे एक आणा चार पै. बाबा गेलेले, मागे आई, मी आणि ताई. म्हणजे माझा वाटा सव्वापाच पैंना किंचित जास्त. देशात दशमान नाणी 1957 साली आली, पण आमच्या जमिनीपर्यंत ती अजून पोचलेली नाहीत. तिथे अजून आणा-पै चालते आणि पैवरून माणसं तीस तीस वर्षं बोलत नाहीत.

एकूण तेवीस सह्या. लालबागेत सात, बडोद्याला चार, बेळगावला तीन, गावात पाच, आम्ही तिघं, आणि एक चुलतभाऊ कॅनडात, ज्याने मला आधी विचारलं की ही फसवणूक नाही ना. मग त्याने कुलमुखत्यारपत्र पाठवलं. त्यात गावाचं नाव चुकलं. मग दुसरं पाठवलं. त्यात माझं चुकलं.

आता या सह्या, दाखले, स्टँपपेपर, फेरफार यासाठी गावी जायचं कसं? रस्त्याने. कुठल्या? त्याच.

रेल्वे आहे ना, असं पुण्याचे लोक विचारतात. आहे. डोंगर पोखरत, नद्या ओलांडत सुमारे 740 किलोमीटरच्या कोकण रेल्वेचं काम 1990 ला सुरू झालं आणि 1998 च्या प्रजासत्ताक दिनी ती पुरी झाली, हे खरं. पण तिचं आरक्षण मिळवणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. खिडकी उघडली आणि मी बोट टेकवलं तोवर वेटिंग 312 झालेली असते. तेव्हा जुनी गाडी काढायची, मागे आई, तिच्या शेजारी कागदांची पिशवी, आणि पळस्प्याच्या फाट्याला हात जोडून पुढे.

पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. माझ्या फेऱ्या सुरू झाल्या 2015 ला. तोवर रस्ता उखडून झाला होता, मांडायचा राहिला होता. एका बाजूला खांब उभे, त्यांच्यावर काही नाही. दुसऱ्या बाजूला तुळया आडव्या, त्यांच्याखाली काही नाही. मधून आम्ही. ‘वळण रस्ता’ अशी पाटी असायची आणि वळल्यावर रस्ता नसायचा, नुसतं वळण असायचं. खड्ड्यांत पेव्हर ब्लॉक बसवलेले. पावसाने ते सुटून खड्ड्याच्या बाहेर येत, मग आधी ब्लॉकवर चढायचं आणि नंतर खड्ड्यात उतरायचं, अशी दुहेरी सोय.

आईला गाडीत डोळे मिटून बसायची सवय. पण डोळे मिटून ती अचूक सांगायची कुठे आलो ते.

“वडखळ?”

“हो. कसं कळलं?”

“कंबर.”

पुढे मान आखडली की नागोठणं. कोलाडला तिची बांगडी दाराच्या कडीवर वाजायची. माणगावात काहीच व्हायचं नाही, कारण गाडीच हलायची नाही, आणि त्यावरून ती म्हणायची, “माणगाव आलं वाटतं, जरा बरं वाटतंय.” माणगावच्या बाजारपेठेत मी पहाटे तीन वाजता तासभर उभा राहिलोय. आमच्यापुढच्या गाडीतल्या काकांनी खाली उतरून दात घासले, चूळ भरली, मागच्या एसटीच्या ड्रायव्हरशी ओळख काढली, तो त्यांच्या मेहुण्याच्या गावचा निघाला, दोघांनी चहा घेतला, आणि काका परत येऊन गाडीत बसले तरी रांग आपली तिथेच. गणपतीच्या आधीची रात्र असेल तर एकेका गाडीच्या टपावर मखर बांधलेलं, आत पेणहून घेतलेली मूर्ती कुणाच्यातरी मांडीवर. एवढा लांबचा प्रवास उंदरावरून करणाऱ्या देवाचा मला त्या रात्री पहिल्यांदा हेवा वाटला.

एका फेरीत सस्पेन्शनचा आर्म गेला, महाडच्या अलीकडे. गॅरेजवाला शांतपणे म्हणाला, “डावा ना? चला, उजवा येताना करू.” येताना केला.

कचेरीत पोचलो की तिथलं वेगळंच. आमच्या जुन्या कागदांवर लिहिलं होतं, जमिनीची पूर्वेकडची हद्द ‘राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 17’. नोटीस होती महामार्ग 66 च्या रुंदीकरणाची. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा वर केला.

“तुमची जमीन सतराला लागून आहे. भूसंपादन सहासष्टचं आहे.”

“तो एकच रस्ता आहे.”

“कागदावर दोन आहेत.”

मी त्याला सगळं सांगितलं. 2010 साली देशातल्या महामार्गांना नवे क्रमांक दिले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. सम आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत येतात, म्हणून समुद्राकडेच्या आमच्या रस्त्याला एवढा मोठा आकडा. पनवेलपासून थेट कन्याकुमारीपर्यंत जातो तो. कारकुनाने लक्षपूर्वक ऐकलं. “छान माहिती आहे,” तो म्हणाला, “हीच अर्जावर लिहून आणा.” सतरा म्हणजेच सहासष्ट, असं मी शंभराच्या स्टँपपेपरवर प्रतिज्ञेवर लिहून दिलं. गणितात मला शाळेत कधी एवढी सूट मिळाली नव्हती.

खरं तर ही पाटी बदलायची गोष्ट मोठीच आहे. 2014 साली देशात राष्ट्रीय महामार्ग सुमारे 91 हजार किलोमीटर होते, दहा वर्षांत ते 1 लाख 46 हजारांवर गेले. त्यातले पुष्कळसे रस्ते आधीच होते, राज्याचे होते, ते राष्ट्रीय म्हणून घोषित झाले. खड्डा तोच, पण आता अखिल भारतीय. मी नावं ठेवत नाही. वाढले तेही खूप आहेत, आणि त्यांत अठ्ठावीस पावलं आमची आहेत.

मग झाडांची मोजणी. एक तरुण साहेब आले, हातात टेप, सोबत एक माणूस लाल रंगाचा डबा घेऊन. प्रत्येक झाडावर नंबर. बुंध्याचा घेर, वय, उत्पन्न, हे सगळं रकान्यांत. आतेच्या फणसाला 14 नंबर मिळाला.

“आजी, वय काय?”

“माजा?”

“झाडाचं.”

“माज्या लग्नाच्या वर्सा तेका पयलो फणस लागलो.”

साहेबांनी आतेकडे पाहून मनातल्या मनात काहीतरी वजाबाकी केली आणि सभ्यपणे आकडा लिहिला. आतेने कागदात डोकावून विचारलं, “कापो की रसाळ ता खय लिवलास?” साहेब म्हणाले, तसा रकाना नाही, फणस म्हणजे फणस.

इथे राष्ट्राचं काम चार महिने अडलं. कारण कापा फणस आणि रसाळ फणस एका भावात बसवणारं सरकार आतेला मान्य नव्हतं. कापा म्हणजे सुटे, कडक, सुरीने कापून पाहुण्याच्या बशीत ठेवता येणारे गरे. रसाळ म्हणजे हात घालून गिळायचा. तिच्या झाडाचे गरे तिच्या सासरच्यांनी वाखाणले होते, नवरा गेल्यावर माहेरी परत आली तेव्हा याच झाडाचे गरे तळून, विकून तिने दोन मुलींची शाळा केली होती. ती सही करेना. मी डोंबिवलीहून फोनवर समजावलं, की आते, तिप्पट-चौपट मोबदला आहे, 2013 च्या नव्या कायद्याने गावाकडच्या जमिनीला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मिळतं.

“चौपट कोणाच्या? रसाळाच्या?”

शेवटी मी आणखी एक फेरी मारली (उजवा आर्म तेव्हाच गेला), साहेबांना गाठलं, घरातून नेलेला गऱ्यांचा डबा पुढे केला. ही लाच नव्हती, पुरावा होता. त्यांनी दोन गरे खाल्ले, खिशातलं पेन काढलं आणि छापील ‘फणस’ या शब्दापुढे स्वतःच्या हाताने कंसात ‘कापा’ लिहिलं. दर काही बदलला नाही. आतेने सही केली, अंगठा पण दिला, वर स्वतःहून.

झाड पडलं त्या दिवशी मी नव्हतो. आतेने फोनवर एवढंच सांगितलं, की आठळ्या ठेवल्या आहेत, येशील तेव्हा ने.

पैसे 2019 साली जमा झाले. सगळे मिळून 3 लाख 78 हजार. माझ्या सव्वापाच पैंचे, म्हणजे छत्तिसाव्या हिश्श्याचे, 10,500 रुपये. त्या चार वर्षांत मी सात फेऱ्या मारल्या. जाऊन-येऊन नऊशे किलोमीटर, तेव्हाच्या भावाने फेरीला पाचेक हजारांचं पेट्रोल. दोन आर्म, एक टायर, आईचा कंबरेचा पट्टा, कॅनडाचं कुरिअर. बायकोने वहीत हिशोब मांडला आणि विचारलं, “अशी अजून किती जमीन आहे आपली? मला आधी सांगून ठेव.”

आमच्या जिल्ह्यातलं काम मात्र लवकर उरकलं. गुळगुळीत काँक्रीट, मधे दुभाजक, रात्री चकाकणाऱ्या पट्ट्या. पुढे 2023 च्या गणपतीत कशेडीचा बोगदाही सुरू झाला. घाटात पाऊणएक तास वळणं घ्यायची तिथे सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा, पाच-दहा मिनिटांत खेडच्या बाजूला. आईला सांगायला विसरलो. ती डोळे मिटून वळणांची वाट पाहत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “आज कशेडी येत नाही का रे?” म्हटलं, मागे गेला. तिचा विश्वास बसेना. पिशवीतलं लिंबू तिने घाटासाठी हातात धरून ठेवलं होतं, ते कणकवलीपर्यंत तसंच होतं.

कणकवलीनंतर तर तिला झोपच लागत नाही. काही दुखतच नाही, म्हणते, कळणार कसं कुठे आलो?

तिचं म्हणणं मला त्याच दिवशी पटलं. कारण मीही घर चुकलो. ताशी ऐंशीने जाताना उजव्या हाताला आमची पडवी दिसली, पडवीत आते दिसली, तिने हात केला, मीही केला, आणि घर मागे गेलं. दुभाजक सलग. फणस होता त्या जागी आता कण्हेर लावलीय, तिच्यातून गाडी कशी नेणार? कट आहे तो दीड किलोमीटर पुढे, पेट्रोल पंपासमोर. तिथे वळायच्या बेतात होतो तर आडवा ट्रक, मागून हॉर्न, आणि तोही गेला. पूर्वी एसटीतून उतरलं की उंबरठ्यावर पाय. आता स्वतःच्या घराच्या अंगणातून, आमच्याच अडीच गुंठ्यांवरून, मी सुसाट निघालो होतो गोव्याकडे.

फोन वाजला. आते.

“गेलंस मां फुडे?”

“गेलो गो. कट चुकला.”

“होवंदे. सगळे जातत. काल बडोद्याचो थंयसून फिरान इलो.” मग जरा थांबून म्हणाली, “तसोच कुडाळाक जा. येताना माका अर्धो किलो कांदे हाड. नि डाव्या हातान ये, भाताक आधण ठेवतंय.”