एटीसीनं (विमानांना परवानगी देणारा विमानतळाचा टॉवर) सोडलं म्हणजे हवा चांगली, असं नसतंय
सोलापूरला होटगी रोडचं विमानतळ चालू झाल्यापासून ग्रुपवर मेसेज फिरतोय की पावसात छोटं विमान उडवायचं का नाही ते एटीसी ठरवतं, परवानगी मिळाली म्हणजे सेफ. तसं नाहीये ओ. व्हिजिबिलिटी ५ किलोमीटरच्या खाली असली की नुसत्या नजरेनं उडणाऱ्याला टॉवर साधारणपणे अडवतो, खरंय, पण पुढं बार्शीवर ढग खाली आलेले दिसले तर परत फिरायचं का हे पायलटच ठरवणार, जबाबदारीपण त्याचीच. ढगात शिरला की कानातला बॅलन्स फसवतो, विमान कलंडलेलं असतंय आणि पायलटला वाटतं सरळ चाललोय. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली इन्स्ट्रुमेंटवर (बाहेर न बघता नुसत्या समोरच्या मीटरवर) उडायला न शिकलेल्या २० जणांना ढगात असल्यासारखी परिस्थिती करून तपासलं, सगळ्यांचा कंट्रोल गेला, सरासरी १७८ सेकंदात. तीन मिनिटंपण नाही, इथं चहा यायला जास्त वेळ लागतो.