मृगाचा टायर

परवा कासारवाडीत हवा भरायला थांबलो आणि एका माणसाने, ज्याला मी ओळखत नाही आणि ओळख वाढवायची इच्छाही नाही, चार लोकांदेखत माझी लाज काढली. पंक्चर नव्हतं, टायर बसला नव्हता, काही नव्हतं. पुढे पंचवीस, मागे तीस, दहाची नोट द्यायची आणि निघायचं एवढंच काम. मागे मुलगी बसलेली, तिला क्लासला सोडायचं होतं.

त्या दुकानातला हवा भरणारा पोरगा कानात इअरफोन घालून असतो आणि "कितना?" याच्यापलीकडे एक शब्द बोलत नाही. माझ्या मते आदर्श माणूस. पण त्याच्या शेजारी ऑइलच्या पालथ्या डब्यावर एक काका बसतात. ते मालक नाहीत, गिऱ्हाईक नाहीत, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेत आणि पेपर वाचायला इथे येतात, कारण घरी म्हणे शांतता मिळत नाही. (घरच्यांना मिळत असणार, काका इथे असतात त्या वेळात.)

मी हेल्मेट काढलं आणि काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "गोटा झालाय."

आता माझ्या डोक्यावरचा विषय गेली काही वर्षं नाजूक आहे, त्यामुळे मला आधी भलतंच वाटलं. मी नुसतं "अं?" केलं.

"टायर हो. मागचा. पार गोटा."

"चालेल की अजून," मी म्हटलं.

झालं. काकांनी पेपरची चौघडी घातली, डब्यावर ठेवली, त्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून पान्हा ठेवला आणि उठले. ज्या निवांतपणे उठले त्यावरून मला कळायला हवं होतं की क्लास आता बुडाला. मागच्या चाकाशी उकिडवे बसून त्यांनी टायरवरून तळहात फिरवला, मग शर्टाच्या खिशातून दातकोरणं काढलं आणि टायरच्या मधल्या खाचेत उभं घातलं, अंगठ्याचं नख लावून खूण धरली आणि ते दातकोरणं उन्हात धरून सगळ्यांना दाखवलं. सगळे म्हणजे एक दुधाच्या गाडीवाला, स्कूटीवरच्या दोन मुली आणि एक डिलिव्हरीवाला, ज्याला खरं तर घाई असायला हवी होती पण तो स्टँड लावून उभा राहिला. "हे बघा. एवढंसं राहिलंय." मग त्यांनी ते दातकोरणं परत खिशात ठेवलं. टायरबद्दल माझं मत काही का असेना, ते दातकोरणं काही माझ्या डोक्यातून जात नाही.

मीही अडाणी नाही. मी त्यांना टायरच्या कडेवरचा तो बारका त्रिकोण दाखवला, त्याच्या समोर खाचेत आत एक छोटासा उंचवटा असतो तो दाखवला, आणि सांगितलं की नक्षी झिजून या उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा, कायद्याने दुचाकीला 0.8 मिलिमीटर खाच लागते, माझी त्याच्या वर आहे. पोरगीसमोर जरा ठसक्यातच सांगितलं.

"वर म्हणजे किती वर?"

"आहे थोडी."

"थोडी," काका डिलिव्हरीवाल्याकडे बघून म्हणाले. डिलिव्हरीवाल्याने मान हलवली. त्याचा काय संबंध?

मग काकांनी जे केलं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. अंगठ्याला थुंकी लावली आणि टायरच्या कडेवर एका ठिकाणी चोळायला लागले, चिखल निघाला, त्याखाली एक लांबट चौकट, तिच्यात चार आकडे. 2419. "हां," काका म्हणाले, "एकोणीस साल. चोविसावा आठवडा." आणि डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. "चोविसावा म्हणजे जूनचा मध्य. म्हणजे मृग." परत डोळे उघडले. "मृगाचा टायर आहे तुमचा."

मी विचारलं, म्हणजे काय?

"दमट हवेतलं रबर. मृगातलं रबर ओढीला चांगलं पण लवकर चिरतं. रोहिणीतला टायर घ्यावा माणसाने."

अहो कुठलं रोहिणीतलं रबर, टायर कारखान्यात साच्यात घालून वाफेवर शिजवतात, बाहेर मृग असो की मघा, त्या रबराला काय पत्ता? हे सगळं मी म्हणणार होतो. पण तोवर दुधाच्या गाडीवाला खाली वाकून स्वतःच्या टायरला थुंकी लावत होता आणि "काका, आमचा बघा, 0622" असं विचारत होता, आणि काका त्याला "फेब्रुवारी, बरा आहे" असं सांगत होते, आणि स्कूटीवरची एक मुलगी मोबाईलचा टॉर्च लावून आकडे शोधत होती. पाच मिनिटांत तिथे टायरांच्या पत्रिका निघायला लागल्या.

त्यातली चीड आणणारी गोष्ट अशी की नक्षत्र सोडलं तर काकांचं बाकी सगळं बरोबर होतं. त्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, हे खरंच आहे. रबर नुसतं उभ्या उभ्याही म्हातारं होतं, ऊन खातं, कडक होतं, कडेला बारीक चिरा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी एकदा नीट तपासून घ्या आणि दहा झाली की नक्षी कितीही असो, काढून टाका, असं टायर कंपन्याच सांगतात. मागचा टायर पुढच्याच्या आधी जातो, कारण इंजिनाची ओढ त्याला, मागे बसणाऱ्याचं वजन त्याला, दप्तर त्याला, आणि आपल्याकडे निम्मे लोक पुढचा ब्रेक शोभेला ठेवून मागच्यावर उभे राहतात. किती चालतो याला एकच उत्तर नाही. कम्युटर गाडीचा मागचा टायर वीस-पंचवीस हजार किलोमीटर जातो, कुणाचा तीसही, पुढचा त्याहून बराच जास्त. हवा कमी ठेवली की कडा झिजतात आणि टायर तापतो, जास्त भरली की मधला पट्टा जातो. आणि आम्हा शहरातल्या लोकांचा टायर मधोमध सपाट होतो, कारण चिंचवड ते शिवाजीनगर वळणं आहेतच किती? कडेला नक्षी जशीच्या तशी आणि मधे इस्त्री फिरवल्यासारखं. मग वळताना गाडी त्या सपाटीच्या कडेवरून खाली उतरल्यासारखी होते, पोटात गोळा येतो, ते आपण रस्त्याच्या नावावर खपवतो.

तसा रस्ताही काही साव नाही. मी ज्या सर्व्हिस रोडने जातो तिथे डांबराचे थर एकावर एक चढवलेत आणि चेंबरची झाकणं मात्र जन्मली तिथेच आहेत, म्हणजे दर शे-दोनशे फुटांवर चार बोटं खोल एक चौकोनी खड्डा, तोही अधिकृत. माझ्या टायरच्या खाचेला केंद्रीय मोटार वाहन नियमांत कलम आहे, 94 वं. त्या चौकोनाला कुठलं कलम आहे हो? तिथे दातकोरणं घालून कोण बघतं? पावसात पाण्याखाली ते झाकण दिसत नाही, बाजूने जावं तर पेव्हर ब्लॉक उखडलेले, मधून जावं तर पाठीमागून डंपर हॉर्न देतो, आणि एवढं करून कुणी पडलं की लोक आधी काय बघतात, तर गाडीचा टायर. "गोटाच होता," म्हणतात. केस संपली. टायर 0.8 च्या खाली असेल तर वर दंडाची भीती तुम्हाला. असो, हे लिहायला बसलो की बीपी वाढतं.

तर काका. आता त्यांनी मोर्चा पोरीकडे वळवला. खाली बसल्या बसल्याच, अगदी मऊ आवाजात: "बाळ, तू बाबांच्या मागे बसतेस?"

"हो."

"रोज?"

"सोमवार, बुधवार, शुक्रवार."

काकांनी माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत. त्या स्कूटीवरच्या मुलींनीही बघितलं. मी काय सांगू, पोलिसाने लायसन मागितल्यावरसुद्धा मला इतकं गुन्हेगार वाटलेलं नाही.

उट्टं काढायचं म्हणून मी इकडेतिकडे बघितलं तर झाडाखाली काकांची जुनी स्कूटर उभी. मी विचारलं, ही तुमची का. काकांचा चेहरा उजळला. "या गाडीला स्टेपनी आहे. तुमच्या गाड्यांना ना स्टेपनी, ना लाज." मी गेलो, स्टेपनी बघितली, नव्या टायरला असतात तसे रबराचे बारीक केससुद्धा अजून शाबूत, कधी रस्त्याला लागलेलीच नाही. मग मीही केलं. अंगठ्याला थुंकी लावली आणि चोळलं. तीनच आकडे निघाले! चार नाही, तीन. आणि तीन आकडी तारीख असते ती 2000 सालाच्या आधीच्या टायरवर. मी विजयी आवाजात म्हणालो, "काका, हा टायर गेल्या शतकातला आहे."

"त्याला काय होतंय," काका म्हणाले, "तो सावलीत असतो."

सगळे हसले. माझ्याकडे बघून. एवढा वेळ गप्प असलेल्या त्या इअरफोनवाल्या पोराने दुसऱ्या कानातला काढला आणि तोही हसला.

रात्री चिडून वाचत बसलो तेव्हा एक गोष्ट कळली. हवेचा टायर 1888 साली बाजारात आणण्याजोगा कुणी केला, तर बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने. गुरांचा डॉक्टर! पोराची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर गदगदते म्हणून. आणि पुढे त्याच्या पेटंटवर पाणी पडलं, कारण थॉमसन नावाच्या दुसऱ्याच माणसाने चाळीसेक वर्षं आधी तेच पेटंट घेऊन ठेवलं होतं. म्हणजे टायर हा धंदाच मुळात ज्यांचा संबंध नाही अशांनी लक्ष घालून झालेला आहे, आणि त्यांच्यात आधी मी की आधी तू हे भांडण पहिल्यापासून आहे. काकांची परंपरा जुनी निघाली.

घरी पोरीने दारातूनच जाहीर केलं की बाबांचा टायर गोटा आहे आणि मृगाचा आहे. बायकोने पहिलं ऐकलं, दुसऱ्याचा अर्थही विचारला नाही, आणि टायर बदलेपर्यंत कुणीही मागे बसणार नाही असा ठराव झाला. मी टायर काकांमुळे बदलला नाही. पाऊस तोंडावर आला होता, गुळगुळीत टायर पाणी बाजूला सारत नाही, पाण्यावर तरंगतो, एवढं मलाही कळतं, मी पुढच्या महिन्यात बदलणारच होतो. हे मी घरी सांगितलं. हो हो, म्हणाले सगळे.

टायरच्या दुकानदाराने जो टायर काढला त्याला मी सवयीने अंगठा लावला. आकडे बघितले, टायर दीड वर्ष जुना.

"अलीकडचा नाही का?"

"साहेब, टायर आहे, दूध नाही." तो चांगलाच दुखावला. मग आतून दुसरा आणला, तीन महिन्यांपूर्वीचा, तोंड वाकडं करून. मी म्हटलं, जीएसटी 28 टक्क्यांचा 18 झाला ना 2025 च्या सप्टेंबरात, भाव उतरला असेल. तर म्हणे, "उतरूनच हा आहे." या वाक्याला जगात उत्तर नाही. जुना टायर मी मागितला नाही तरी त्याने "तो राहू दे इथेच" असं म्हणून आधीच मागच्या ढिगावर फेकला होता. गोटा झालेला, मृगातला, चिरलेला माझा टायर, त्याचं तो काय करणार आहे आणि त्याचे मला पैसे का नाहीत, हे विचारेपर्यंत त्याने रिम फिरवून दिशेचा बाण बघितला, टायर चढवला, हवा भरली, कट्ट कन बसल्याचा आवाज आला.

आणि मग म्हणाला, "पहिले शे-दीडशे किलोमीटर जपून चालवा हां. नवीन टायर घसरतो."

"नवीन घसरतो?"

"वर गुळगुळीत असतं ना, साच्यातलं. जरा घासला की मग धरतो रस्ता."

मी शांतपणे विचारलं, जुना झिजला म्हणून घसरतो, नवा झिजला नाही म्हणून घसरतो, मग टायर घसरत नाही असा काळ नेमका कुठला?

"मधला," तो म्हणाला. "फिटिंगचे दीडशे वेगळे."