पाय जुळले, डोकं नाही

‘पिन कंपॅटिबल’ हा शब्द ज्याने काढला, त्याने मायक्रोकंट्रोलर चिपचे (एका चिपमध्ये मावलेल्या छोट्या संगणकाचे) पाय तेवढे मोजले असावेत. अ‍ॅटमेगा८ काढायची, त्याच २८ पायांच्या सॉकेटात अ‍ॅटमेगा३२८पी बसवायची. फ्लॅश (प्रोग्रॅम साठवायची जागा) ८ केबीची ३२ झाली म्हणून आपण खूश. मग जुनी हेक्स फाइल (कंपाइल झालेला तयार प्रोग्रॅम) जशीच्या तशी टाकतो आणि चिप मौनव्रत धरते. कारण जुन्यात प्रत्येक इंटरप्ट व्हेक्टर (चिपला मध्येच हाक आली की कुठे धावायचं ते सांगणारी नोंद) एका वर्डचा, म्हणजे दोन बाइटचा, नव्यात दोन वर्डचा. रीसेट सोडला तर सगळ्यांचे पत्ते सरकलेले. सोर्स कोड शोधून पुन्हा कंपाइल करण्यावाचून सुटका नाही. (तो सापडणं हा वेगळाच वनवास.)

आता कंपायलर खेकसतो: यूडीआर कोण? टीसीसीआर० कोण? ही चिपच्या रजिस्टरांची, म्हणजे आतल्या सेटिंगच्या कप्प्यांची, नावं. पहिल्याचा यूडीआर० झालाय, दुसऱ्याच्या ए आणि बी अशा वाटण्या झाल्यात. ओरडणाऱ्या चुका मला प्रिय आहेत. जीव खातात त्या मुक्या. जुन्या कोडात यूसीएसआरसी या सिरियल पोर्टच्या रजिस्टरात हेक्स (षोडशमान) ८६ भरलेलं असतं. अ‍ॅटमेगा८ मध्ये यूसीएसआरसी आणि यूबीआरआरएच एकाच पत्त्यावर राहतात, म्हणून टपाल कुणाचं ते सांगायला सर्वांत वरचा यूआरएसईएल बिट लागतो. नव्यात दोघांनी वेगळी बिऱ्हाडं केली आणि त्या बिटाला दुसरं काम लागलं. आपण रजिस्टरचं नाव बदललं, ८६ तसंच ठेवलं, की यूएआरटी (तोच सिरियल पोर्ट) थेट राखीव, न वापरायच्या मोडमध्ये. तिथे ०६ हवं.

कोरी ३२८पी आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या क्लॉकला ८ ने भागून १ वर चालते; शेजारचं १६ चं क्रिस्टल नुसतं शोभेला. सेकंदाला लुकलुकणारा एलईडी १६ सेकंदांनी डोळा मिचकावतो, सिरियलचा ९६०० चा बॉड (वेग) ६०० वर येतो. लो फ्यूज (क्लॉक निवडणारी सेटिंग) हेक्स ६२ चा एफएफ करा. मात्र तो लिहिताना प्रोग्रॅमरचा (चिपमध्ये कोड भरणाऱ्या यंत्राचा) क्लॉक २५० किलोहर्ट्झच्या खाली ठेवा. एव्हीआरड्यूड या कोड भरायच्या सॉफ्टवेअरला -B 10 दिलं की भागतं. नाहीतर समोर बसलेली चिप त्याला दिसतच नाही.

पुढचा घोळ आडनावाचा. ३२८पीची सिग्नेचर (चिपच्या आतली ओळखखूण) १ई ९५ ०एफ, पी नसलेल्या ३२८ ची १ई ९५ १४, ३२८पीबी या भावंडाची १ई ९५ १६. एव्हीआरड्यूड अडला तर -F देऊन दामटू नका, चिपचं खरं नाव सांगा.

पीबी तर भलतीच हुशार. दोन यूएआरटी, दोन एसपीआय, पण फुल स्विंग ऑसिलेटर (क्रिस्टल जोरात चालवायचा मोड) गायब. म्हणजे तो मोड निवडणारा जुना एफ७ फ्यूज इथे चालायचा नाही. ३२ पायांच्या पॅकेजात ३ नंबरचा पाय पूर्वी ग्राउंड होता, ६ चा व्हीसीसी (वीजपुरवठा). आता ते पीई० आणि पीई१ हे इनपुट-आउटपुट पाय आहेत. जुन्या बोर्डवर दोन्ही इनपुट राहिले तर ठीक. पीई० आउटपुट करून १ लिहिलात, की चिप स्वतःच्याच हाताने शॉर्ट. डीडीआरई या पायांची दिशा ठरवणाऱ्या रजिस्टरचे ते दोन बिट ० च राहू द्या. आणि हो, ३२ पैकी ३० पाय अगदी तंतोतंत जुळतात.